खरंखुरं ‘बघू’

मुदतवाढीचा अर्ज रविवारी सकाळीच भरून टाकायचा, असं जावयांनी आठवडाभर आधी जाहीर केलं होतं. व्हिसा संपायला अजून अवकाश होता, पण शेवटच्या दिवसापर्यंत थांबणारी माणसं जावयांच्या डोक्यात जात. चहा व्हायच्या आत त्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, सासूसासऱ्यांचे पासपोर्ट एकाला एक लावून ठेवले आणि चष्मा पुसून परीक्षेला बसल्यासारखे बसले. सासरे, म्हणजे दादा, त्यांना कायदेपंडित म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी.

“आज हा अर्ज, आणि पुढच्या वर्षी कायमचंच,” केस वर बांधत जिन्यावरून उतरणारी लेक म्हणाली. “दादा, तो निवृत्त आईवडलांचा व्हिसा मी नीट वाचलाय. तुम्ही दोघं त्यात बसता. एकदा तो हातात पडला की दर सहा महिन्यांनी ही धावाधाव नको.”

दादा खिडकीपाशी बसले होते. त्यांनी मान हलवली. ती मान लेकीच्या बोलण्यावर हलली की समोर चहा आला म्हणून, ते जावयांना आणि लेकीला कळलं नाही. चहा ठेवणाऱ्या वहिनींना कळलं. चहा आला म्हणूनच हलली होती.

वहिनी म्हणजे दादांची बायको. लग्न होऊन आल्या त्या दिवशी धाकट्या दिराने वहिनी म्हणून हाक मारली. ती गल्लीने उचलली, मग कवळी करून घ्यायला येणाऱ्या बोळक्या तोंडांनी उचलली, आणि आता इथे लेकीची शेजारीण, जिला आपल्या भाषेतलं एक अक्षर येत नाही, तीसुद्धा कुंपणावरून ‘वाइनी’ म्हणून हात हलवते. स्वतःचं नाव वहिनींना आता फक्त पासपोर्टवर भेटत असे, आणि तिथेही त्यात एक अक्षर चुकलेलं होतं.

दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांनी जन्मभर कवळ्या केल्या. दादा तोंडाचा ठसा घ्यायचे, प्लॅस्टरचा साचा ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे. भाऊ शेवटी ती कवळी चाकावर घासून चकचकीत करायचा, म्हणून घरातल्या मुलांनी त्याचं नाव पॉलिशकाका ठेवलं होतं. भाड्याचा गाळा पुढे, राहायच्या खोल्या मागे आणि मध्ये नुसता पडदा. प्लॅस्टरची पांढरी भुकटी त्या पडद्याला जुमानत नसे. ती डाळीच्या डब्यावर बसे, उशांवर बसे, लेकीच्या दप्तरावर बसे, आणि वहिनी सकाळसंध्याकाळ ती पुसत. पानं घेतली रे घेतली की कुणीतरी दात हातात घेऊन पडद्याआडून म्हणणार, “वहिनी, जरा दादांना पाठवता? टोचतंय हो.” मग दादा अर्ध्या जेवणावरून उठणार, मागोमाग घासायला भाऊजी उठणार, आणि दोघांची ताटं झाकून ठेवायचं काम वहिनींचं.

इथे आल्यावर वहिनींना वरची खोली मिळाली. नात शिकायला हॉस्टेलवर गेली होती, तिची ती खोली. छताला तिने चिकटवलेले चमकणारे तारे होते आणि खिडकीशी एक रिकामं टेबल होतं. दुपारी दादा खाली सोफ्यावर लवंडले की वहिनी वर जात, दार लावून घेत आणि त्या टेबलाशी बसत. काही करत नसत. कधीतरी टेबलावरून बोट फिरवून बघत. बोट स्वच्छ निघे. इतक्या वर्षांत आपल्याला हेच हवं होतं, हे त्यांना इथे येऊन कळलं, आणि या वयात असलं काही कळल्याची त्यांना लाजही वाटली. त्यामुळे इथे कायमचं राहायचं का, हा विषय निघाला की त्या नेहमीचंच म्हणत, “मला काय, हे म्हणतील तसं.”

आणि हे काय म्हणतील, याची एक वेगळीच तऱ्हा होती.

दादांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द घरात कुणी ऐकलेला नव्हता. माणूस सज्जन, कुणाचं मन मोडणं जिवावर येई. त्याऐवजी ते ‘बघू’ म्हणत. शाळेच्या सहलीला जाऊ का? बघू. नवा फ्रिज घ्यायचा का? बघू. गाळ्यात ते नवं मशीन आणू या का? बघू. सहल जाऊन परत यायची, फ्रिज शेजाऱ्यांकडे यायचा, मशीनची जाहिरात भिंतीवर पिवळी पडायची. लेक लहान असताना एकदा बाहुलीला दटावत होती, “बघू म्हटलं ना तुला? मग परत मागायचं नाही.” ते ऐकून वहिनी पोट धरून हसल्या होत्या. पॉलिशकाकाही हसले होते, पण जरा बेताने.

गेल्या महिन्यात पॉलिशकाकांचा फोन आला, तेव्हा वहिनी दादांच्या शेजारीच शेंगा निवडत होत्या. दादांना अलीकडे ऐकायला कमी येतं, त्यामुळे फोनचा आवाज मोठा होता आणि पलीकडचं सगळं वहिनींना स्वच्छ ऐकू आलं. मालक जागा मागत होता. जुनी इमारत पाडून त्याला नवी उभी करायची होती. दोघं भाऊ पुन्हा कामाला बसणार असतील तर तो थांबायला तयार होता, जुनी माणसं म्हणून. “पण मी एकट्याने नाही रेटणार दादा,” पॉलिशकाका म्हणाले होते. “हात थरथरतात आता. तू येणार आहेस ना परत?”

दादा थोडे थांबले, आणि मग म्हणाले, “बघू.”

पलीकडून “बरं” आलं. मग इकडच्या थंडीची चौकशी झाली, आणि फोन ठेवला गेला.

गंमत अशी, की त्या दिवसापासून दादा खरोखरच बघायला लागले. त्यांनी जावयांना गाठून विचारलं, मध्येच जाऊन परत येता येतं का. गॅरेजमध्ये जाऊन भिंतीलगत कामाचं बाक मावेल का ते मोजलं आणि पेन्सिलीने खुणा केल्या. एक दिवस फिरून येताना वहिनींना म्हणाले, “अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे, असं जमेल का गं? भाऊला पण मधून मधून इकडे आणता येईल.” वहिनी चालता चालता थबकल्या. ‘बघू’ म्हटल्यावर हा माणूस बघतोय, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. पण हे भाऊजींना कुठून कळणार? त्यांना तर नुसता शब्द ऐकू गेला होता, आणि त्या शब्दाचा अर्थ त्यांना पाठ होता.

एवढंच सांगायचं होतं, की भाऊजी, या वेळचं निराळं आहे. वहिनींनी फोन हातात घेतलाही होता. उद्या सांगू, म्हणाल्या. उद्या लेकीकडे पाहुणे होते. परवा वाटलं, आत्ता ते झोपले असतील. तेरवा वाटलं, यांचंच नक्की होऊ दे, मग सांगू. कारणं एकामागून एक मिळत गेली. खरं कारण वरच्या खोलीत होतं, आणि ते वहिनी स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हणत नव्हत्या.

“मुदत वाढवून मागण्याचं कारण,” जावयांनी पडद्यावरचा प्रश्न वाचला. “थोडक्यात लिहायचंय. काय लिहू?”

“आईचे गुडघे लिही,” लेक म्हणाली.

“माझ्या गुडघ्यांना काय झालंय?” वहिनी म्हणाल्या.

“जिना चढताना धरतेस ना.”

“कठडा धरते. गुडघा नाही धरत.”

“खोटं काही लिहायचं नाही,” जावई म्हणाले. “मुलीसोबत राहायचं आहे, एवढं पुरे.” त्यांनी टाइप करायला हात उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. “पण दादा, तुम्हाला नक्की राहायचंय ना? मला वाटतं, हे तुम्हाला कुणी सरळ विचारलेलंच नाही.”

“विचारलं की मी,” लेक जरा ताठरली. तिला वाटलं, नवरा पाय मागे घेतोय. दोन माणसं कायमची घरात यायची म्हणजे काय, हा विषय त्या दोघांत आधी एकदा झाला होता, आणि बंद दाराआडून वहिनींच्या कानावर त्याचा शेवट आला होता. “मी दादांना विचारलं, तुम्हाला परत जायचंय का. तर म्हणाले, बघू.”

“मग?”

“मग काय? बघू म्हणजे नाही. परत नाही जायचं. आमच्या घरात असंच असतं.”

जावई सासऱ्यांकडे बघायला लागले. दादा कपातल्या चहाकडे बघत होते.

“तसं नव्हतं ते,” दादा म्हणाले. “माझ्या मनात एक बेत आहे. सांगतो. पण आधी भाऊला फोन लावा. गाळ्याचं काय झालंय ते कळू दे, म्हणजे मला नीट सांगता येईल.”

ते बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा एक उजेड आला होता. वहिनींना तो दिसला. आत्ता, या क्षणीसुद्धा, यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. त्या कप गोळा करायला लागल्या.

लेकीने आपला फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पॉलिशकाकांचा चेहरा आला, नेहमीसारखा फार जवळ, अर्धं कपाळ आणि एक डोळा. मग फोन लांब गेला आणि मागचा फुलाफुलांचा पडदा दिसायला लागला.

“हा पडदा कुठला रे?” दादांनी विचारलं.

“आक्काचा.”

आक्का म्हणजे या दोघांची थोरली बहीण. ती दुसऱ्या गावाला असते.

“आक्काकडे कधी गेलास?”

“झाले की दिवस.”

“आणि गाळा कोण बघतंय?”

“गाळा दिला, दादा.”

“दिला म्हणजे?”

“मालकाला दिला. किल्ली दिली. मागच्या खोल्या पण रिकाम्या केल्या. तुमची भांडी, कपाट सगळं इथे आक्काच्या माडीवर आहे. वहिनींना म्हणावं, काही फुटलेलं नाही.”

लेकीने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं.

“साचे?” दादांनी विचारलं.

“साचे भिंतभर होते. निरोप दिले लोकांना, म्हटलं, ज्याचं तोंड त्याने घेऊन जा. बरेच आले. आपापले जबडे पिशवीत घालून घेऊन गेले.” पॉलिशकाका हसले. “कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या बायकोने शिंप्याचा नेला. तो जाऊन किती वर्षं झाली. म्हणाली, फोटोपेक्षा हे बरं. राहिलेले फोडले. चाक एका डॉक्टरच्या लॅबला दिलं.”

“अरे, पण मी तुला बघू म्हटलं होतं.”

“हो ना. बघू म्हणालास.”

“मग?”

“मग काय, दादा? तुझं बघू मला नवीन आहे का?” आवाजात राग नव्हता. राग असता तर दादांना बरं पडलं असतं. “एकदाच कळलं नव्हतं मला. ती पोस्टातली मुलगी आठवते? वडलांना कवळीसाठी घेऊन यायची. तिला पुन्हा पुन्हा यायला लागावं म्हणून त्यांची कवळी मी इतकी घासली, की शेवटी सैल व्हायला लागली. तुला विचारलं, तिच्या घरी बोलशील का. तू म्हणालास, बघू. मी आपला रोज दाढी करून वाट बघतोय. मग एक दिवस वहिनींनी चहा देताना समजावलं, भाऊजी, यांचं बघू म्हणजे नाही हो. तेव्हापासून मी कधी चुकलो नाही.”

“त्या वेळी मी...” दादा म्हणाले, आणि थांबले.

पुढे ते काय म्हणणार होते, हे वहिनींना आजतागायत कळलेलं नाही. त्या सिंकपाशी कप घेऊन उभ्या होत्या आणि नळ सोडायचा त्यांना धीर होत नव्हता. ते समजावणं त्यांना आठवत होतं. नव्या नवरीने नवऱ्याची भाषा शिकल्याचा केवढा तोरा होता त्यात. यांना काही विचारून खात्री केली नव्हती. तशी गरजच वाटली नव्हती.

“जाऊ दे,” पॉलिशकाका म्हणाले. “तुझं तिथे बरं चाललंय ना? मग झालं तर. पोरीला म्हणावं, तब्येत सांभाळ.” मग पडद्यावर पुन्हा नुसतं कपाळ आलं, त्यांना बटण सापडेना म्हणून ते थोडा वेळ तसंच राहिलं, आणि फोन बंद झाला.

दादा उठले आणि मागच्या दाराने गॅरेजमध्ये गेले. लेक त्यांच्या मागे निघाली, तर जावयांनी तिच्या दंडाला हात लावला. “आईंना जाऊ दे,” ते म्हणाले.

गॅरेजमध्ये जुन्या सायकली होत्या, रंगाचे डबे होते. दादा एका उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसले होते, भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणांकडे पाठ करून. वहिनी रंगाच्या डब्यावर बसल्या. बाहेर शेजारीण गवत कापायचं यंत्र चालवत होती, ते एकदा जवळ येऊन लांब गेलं.

“त्या दिवशी तू शेजारीच होतीस,” दादा म्हणाले. “शेंगा निवडत होतीस.”

“हो.”

“मी बघू म्हणालो, ते तुला काय वाटलं?”

इथे खोटं बोलता आलं असतं. मला काय कळतंय, असं म्हणता आलं असतं, आणि ते दादांनी मानलंही असतं. पण फोनमधलं ते ‘रोज दाढी करून’ वहिनींच्या कानातून जात नव्हतं.

“त्या दिवशी नाही कळलं,” त्या म्हणाल्या. “मग तुम्ही इथे मोजमाप घ्यायला लागलात, तेव्हा कळलं, की हे खरंच बघताहेत. आणि हेही कळलं, की भाऊजींना तसं वाटणार नाही.”

“मग त्याला सांगितलं का नाहीस?”

“सांगणार होते.”

“मग?”

“मला इथे राहायचं होतं.”

दादा त्यांच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावलेला माणूस, पण बायकोच्या तोंडून असं काही त्यांना पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

“मला कधी म्हणाली नाहीस,” ते म्हणाले.

“म्हणाले असते, तर तुम्ही काय म्हणाला असतात?”

दोघांनाही उत्तर माहीत होतं. एरवी अशा वेळी दोघं हसले असते.

“फार वाईट केलं मी,” वहिनी म्हणाल्या. “गाळा गेला. भाऊजी या वयात बहिणीच्या माडीवर. तुमचा बेतही गेला. मला एवढं होईल असं वाटलं नव्हतं. म्हणजे वाटलं होतं, पण मी तिकडे बघितलंच नाही.”

“वाईट तर झालंच,” दादा म्हणाले. त्यांनी उगाच त्यांची समजूत घातली नाही, आणि वहिनींना ते पटलं. मग त्यांनी विचारलं, “इतकं बरं वाटतं तुला इथे?”

“हो.”

“काय बरं वाटतं?”

“धूळ नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

दादांनी आपल्या हातांकडे बघितलं. नखांच्या कडांना अजून पांढरं होतं. आता ते जाणार नव्हतं. “धुळीचं कधी बोलली नाहीस,” ते पुटपुटले. मग गुडघ्यांवर हात रोवून उठले. “तू राहा. मी जातो.”

“कुठे?”

“त्याच्याकडे.”

“तिथे आता आहे काय? गाळा नाही, घर नाही.”

“तो आहे ना,” दादा म्हणाले.

ते अगदी सरळ आणि ताबडतोब बोलले. या माणसाकडून असं थेट उत्तर मिळावं म्हणून वहिनींनी उभा जन्म काढला होता, आणि ते मिळालं ते असं.

आत आल्यावर दादांनी खुर्ची ओढून जावयांसमोर बसत सांगितलं, “माझं तिकीट काढा. पासपोर्ट माझा बाजूला ठेवा. अर्ज हिचा एकटीचा भरा. हिला राहायचंय.”

“आईला?” लेकीने वळून बघितलं. “आई, तू तर कधी काही बोलली नाहीस. आणि दादा, हे काय चाललंय? या वयात दोघं दोन टोकांना? काकांना इथे बोलवा ना. काहीतरी करता येईल.”

“भावाला कायमचं ठेवून घ्यायला कसलाच व्हिसा बसत नाही,” जावई हळूच म्हणाले. “मी बघून ठेवलंय.”

“तू गप्प बस,” लेक म्हणाली. “तुला हेच हवं होतं.”

जावयांचा चेहरा उतरला. “मला हे नको होतं,” ते म्हणाले. “मला फक्त कुणीतरी त्यांना विचारावं असं वाटत होतं.”

“त्यांना बोलू नकोस,” दादा लेकीला म्हणाले. “या घरात तेवढ्या एकाच माणसाने मला नीट प्रश्न विचारला.” कायदेपंडित मान खाली घालून पासपोर्ट सरळ करायला लागले.

“पण लोक काय म्हणतील, दादा?”

“लोकांच्या कवळ्या मीच केल्यात. फार काही चावणार नाहीत.”

लेकीला हसूही आलं आणि रडूही आलं. ती दादांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, आणि आईकडे बघायला लागली. एवढा वेळ आईवडलांना ठेवून घ्यायला धडपडणारी ही पोर आता अर्ध्या मिनिटात बापाच्या बाजूला गेली होती, हे वहिनींना दिसलं. त्याबद्दल तक्रार करायला त्यांना जागा नव्हती.

“आई, तुम्हीच सांगा,” जावई म्हणाले.

मला काय, हे म्हणतील तसं, हे वाक्य वहिनींच्या ओठांवर आपसूक आलं. ते म्हटलं असतं तर सगळं पूर्वीसारखं झालं असतं. दोघांची तिकिटं निघाली असती, आक्काच्या माडीवर चौघांचा स्वयंपाक त्यांनीच केला असता आणि त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं असतं. क्षणभर त्यांना तेही हवंहवंसं वाटलं. पण यांनी एवढं सरळ सांगितल्यावर आपण पुन्हा त्यांच्या आड लपायचं, हे त्यांच्याने होईना.

“माझा अर्ज भरा,” त्या म्हणाल्या.

जावयांनी एक पासपोर्ट उचलून बाजूला ठेवला आणि लॅपटॉप उघडला. कारण काय लिहायचं, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

वहिनी वर खोलीत आल्या, त्यांनी दार लावून घेतलं आणि त्या टेबलाशी बसल्या. बोट फिरवून बघायची त्यांना इच्छा झाली नाही. त्यांनी फोन लावला. या घरातून भाऊजींना त्यांनी स्वतः लावलेला हा पहिलाच फोन होता.

“बोला वहिनी,” पॉलिशकाका म्हणाले.

“हे येताहेत तुमच्याकडे. तिकीट काढताहेत.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, “इथे? आक्काकडे? अहो, माझ्या खोलीत दुसरी खाट मावायची मुश्कील.”

“ते म्हणाले, भाऊ आहे तिथे.”

“असं म्हणाला?” पॉलिशकाका म्हणाले. “बरं. खाटेचं करतो काहीतरी. आणि तुम्ही?”

“मी नाही येत, भाऊजी. मी इथे राहतेय.”

“बरं,” पॉलिशकाका म्हणाले. मग म्हणाले, “बरं वाटतं ना तिथे?”

“हो.”

“मग राहा की. पुष्कळ केलंत आमचं.”

वहिनींनी पदराने डोळे पुसले. “भाऊजी, अजून एक सांगायचं होतं. मागच्या महिन्यात तुम्हाला ते बघू म्हणाले ना, ते तसं नव्हतं. ते खरंच बघत होते. मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नाही.”

आता भाऊजी म्हणतील, जाऊ द्या वहिनी. सगळ्यालाच ते जाऊ द्या म्हणत आले होते. वहिनी तेवढ्यासाठी थांबून राहिल्या.

“मला पण त्या दिवशी जरा वेगळं वाटलं होतं,” पॉलिशकाका म्हणाले. “म्हणायच्या आधी दादा थोडा थांबला होता. एरवी तो थांबत नाही. म्हणून किल्ली मी लगेच दिली नाही. मालक रोज दारात यायचा, त्याला म्हणायचो, दम धरा जरा.”

“कशासाठी?”

“म्हटलं, दादा खरंच बघत असेल, तर वहिनींचा फोन येईल.”